जीव लावलेली जुनी गाडी: ठेवायची की बदलायची? अनुभव सांगा

गंगापूररोडकर
काल कॉलेज रोडला सिग्नलवर शेजारी एक जुनी चपटी होंडा सिटी येऊन थांबली. व्हीटेक. माझ्याच गाडीची बहीण, फक्त रंग वेगळा. चालवणारा पोरगा विशीतला. सिग्नल सुटला, त्याने दुसऱ्या गिअरमध्ये ताणली आणि तो आवाज ऐकून मी पार २००९ सालात जाऊन पोचलो. एका डॉक्टरांकडून मी माझी सेकंडहँड घेतली होती, ते साल.

माझी २००१ ची. दीड लिटर, १०६ पीएस, वजन हजार किलोच्या आसपास. टर्बो वगैरे काही नाही. खालच्या आरपीएमला निमूट चालते. काटा वर चढला की तेलाच्या दाबाने आतल्या पिना सरकतात, रॉकर एकमेकांत अडकतात, व्हॉल्व्ह जास्त उघडायला लागतात आणि गाडीचा सूरच बदलतो. व्हीटेक म्हणतात ते हेच. ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको.

तर मुद्दा असा. यंदा रजिस्ट्रेशन संपतंय. वीस वर्षांवरच्या कारला ऑगस्ट २०२५ पासून नूतनीकरणाची फी १० हजार झाली आहे, वर ग्रीन टॅक्स. मिस्त्रीने यादी दिली आहे: टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, पुढचे लोअर आर्म, इंजिन माउंटिंग, एसीचा कंडेन्सर. पंचवीस वर्षांच्या गाडीला हे लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळं मिळून साठ-सत्तर हजार होतात आणि बाजारात गाडीलाही जवळपास तेवढेच येतील. दादांचे गुडघे गेलेत, एवढ्या खाली बसून उठणं त्यांना जमत नाही. कुंभाच्या कामांनी अर्धं शहर उकरलेलं, रोज कुठेतरी खालून लागते. आणि छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून घरात नव्या गाडीचा विषय रोज निघतो.

विकायला मन होत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ठेवली, विकली, बदलली, त्यांनी सांगा. खरंच ऐकायचंय.

सावळघाट
विकू नको.

सावळघाट
बसमध्ये होतो, आता नीट लिहितो. माझी पोलो जीटी होती, पांढरी. २०२१ मध्ये विकली, दुसरं बाळ आलं आणि डिकी पुरेना म्हणून. पुढच्याच वर्षी चाकणला पोलोचं उत्पादन थांबलं. आता तशी नीट ठेवलेली शोधतोय तर लोक सांगतात ते भाव ऐकून फोन ठेवून देतो. रविवारी पहाटे पेठ रोड धरायचो. सावळ घाट, मग कोटंबी घाट, आणि ऊन चढायच्या आत घरी. आता मोठी गाडी आहे, डिकीत सगळं मावतं, पण पहाटे उठून जावंसं वाटत नाही.

मखमलाबादी
पेठ रोडला गेलात की परत येताना मिसळ कुठे खायची तेही लिहा की. आमच्याकडूनच जाता तुम्ही.

सावळघाट
@मखमलाबादी तुमच्याच रस्त्याला, चुलीवरची. पापड वेगळा मागून घ्यायचा.

सिन्नरची_लेक
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, म्हणजे ज्या बाईच्या घरात अशी गाडी असते तिच्या. आमच्याकडे फिएस्टा १.६ एस होती, यांनी लग्नाआधी सेकंडहँड घेतलेली. पहिली दोन वर्षं मला ती सवत वाटायची. मग मी ती चालवायला शिकले. थांबा, कुकर.

आले. तर शिकले आणि चित्र पालटलं. स्टिअरिंगमध्ये रस्ता हातात कळतो म्हणजे काय, ते मला त्या गाडीत समजलं. पुण्याहून येताना चंदनापुरी घाट मीच चालवायची, हे शेजारी बसून शेंगा सोलायचे. सासूबाईंची कंबर धरायला लागली तेव्हा उंच सीटची ऑटोमॅटिक घेतली, पण फिएस्टा गेली नाही. आता ती माझी आहे. यांना मागून न्यावी लागते.

दादांसाठी वेगळी गाडी घ्याच. पण म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचं ओझं जुन्या गाडीवर टाकू नका. हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गंगापूररोडकर
@सिन्नरची_लेक ताई, शेवटची ओळ घरात वाचून दाखवली. दादा म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." आई म्हणाली, दोन गाड्या लावणार कुठे? तिथेच गाडं अडलंय.

बागाईतदार_ओझर
राम राम. माझी ऑक्टाव्हिया आरएस, २००४ ची. १.८ टर्बो, दीडशे पीएस, आमच्या शेजारच्या औरंगाबादेत, शेंद्र्याला जुळलेली. तेव्हा आताचं नाव नव्हतं. पिवळ्या रंगाची पाहिजे होती, काळी मिळाली. टर्बोची गाडी घाट चढून आली की लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं चालू ठेवायची, टर्बो गरम असतो, त्यात तेल फिरत राहिलं पाहिजे. आमच्या गड्यालाही ते पाठ झालं होतं. कुणी पाहुण्याने चावी फिरवायला हात घातला की तोच ओरडायचा, "थांबा, तिला दम घेऊ द्या!"

विकली. कारण सांगतो. द्राक्षांची छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी, नंतर पॅकहाउसच्या चकरा, यात गाडी महिना-महिना शेडमध्ये उभी राहायची. उभ्या गाडीचं वाटोळं होतं. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरी खातात. एक दिवस बोनेट उघडलं तर हवेच्या फिल्टरमध्ये मक्याच्या कणसाचा भुसा. तिथे ठरवलं, जो चालवील त्याला द्यायची. संगमनेरच्या एका पोराला दिली. पैसे कमी दिले त्याने, पण गाडी बघायला आला तेव्हा आधी खाली वाकून सायलेन्सर बघितला, गाण्याची सिस्टीम नाही विचारली. अजून व्हिडिओ पाठवतो. मला वाईट वाटत नाही, खरंच नाही.

ते आता पुन्हा आभाळ आलंय. गडबडीत लिहिलं.

निफाडची_थंडी
@बागाईतदार_ओझर तुमच्याकडे पडला का? आमच्याकडे नुसता वारा. मणी किती एमएमचे झालेत?

बागाईतदार_ओझर
@निफाडची_थंडी सोळाच्या पुढे गेलेत. देवाच्या मनात असेल ते.

मिस्त्रीचा_मुलगा
वडिलांचं गॅरेज अंबड लिंक रोडला, मी आता तेच बघतो. गंगापूररोडकर, एक ऐका. निर्णय इंजिन बघून घेऊ नका. त्या काळचं इंजिन बेल्ट आणि तेल वेळेवर मिळालं तर दमत नाही, आणि दमलंच तर उतरवून करता येतं. पत्रा बघा. बोनेट उघडून शॉकअपचा वरचा टॉवर बघा, डिकीतलं कार्पेट उचलून स्टेपनीची खोली बघा, दारांखालचा सिल टोचून बघा. दरवाजांची भोकं साफ नसतील तर पाणी आत साचतं आणि सिल आतून सडतो, वरून रंग चकचकीत असतो. रंगाच्या खाली फुगे दिसले तर स्क्रूड्रायव्हर टेकवा. आत गेला तर गाडीला रामराम. नाही गेला तर साठ हजार खुशाल घाला.

दुसरं पेट्रोल. आता पंपावर ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. २००१ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. इंधनाचे होज, ओ-रिंग बदलून इथेनॉल चालणाऱ्या घ्या, खर्च फार नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. ॲव्हरेज थोडं पडेल, ते पडणारच.

तिसरं, टायरवरचा चार आकडी कोड वाचा. १८२० असेल तर २०२० चा अठरावा आठवडा. समृद्धीवर नेणार असाल तर नक्षी कितीही शिल्लक दिसू दे, जुना कडक झालेला टायर नकोच. तापलेल्या काँक्रीटवर सलग वेगात धावताना रबराचं वय कळतं.

कागदपत्रवाला
वरच्या मुद्द्यांत कागदाची भर. नूतनीकरणाला फॉर्म २५. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, तेव्हाच करा. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये जादा. विमा, पीयूसी चालू पाहिजे. १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी म्हणजे नवी सुरक्षा नंबरप्लेट आधी बसवलेली असू द्या. आणि दिल्लीच्या बातम्या वाचून घाबरू नका, पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाडीवर आपल्याकडे सरसकट बंदी नाही. फिटनेसमध्ये पास झाली की पुढची पाच वर्षं तुमची.

द्वारका_सर्कल
नाव घेत नाही, पण माझी गाडी ज्या कंपनीची ती आता इथे गाड्या बनवत नाही. समोरची काच तडकली तेव्हा पूर्ण पावसाळा ती शोधण्यात गेला. शेवटी गाडी दिली. आजही कुणी विचारलं की मी विषय बदलतो. ठेवा म्हणणाऱ्यांनी सुट्या भागांचं बघून ठेवा एवढंच.

सिन्नरची_लेक
@द्वारका_सर्कल 🙏 समजू शकते.

कॅम्पातला
देवळालीहून. रॅली ऑफ महाराष्ट्र नाशिकला व्हायची ते आठवतं का कुणाला? आम्ही शाळा बुडवून जायचो. एस्टीम, बलेनो, नंतर सिडिया. धूळ आधी दिसायची, आवाज मागून यायचा. माझ्या पिढीतल्या निम्म्या नाशिककरांना गाडीचं वेड तिथून लागलंय, त्या धुळीतून. मी स्वतः अजून बलेनो चालवतो, जुनी, १.६ ची. बदलायचा विचार दर दिवाळीला होतो आणि लक्ष्मीपूजनाला तिलाच हार घातला जातो.

सातपूर_शिफ्ट
मी गाड्या बनवण्याच्याच धंद्यात, आमच्याकडे नाशिकमध्येच थार बनते. नवी गाडी वाईट नाही हो. सहा एअरबॅग, ईएससी, घाटात ब्रेक मारला तर गाडी सरळ राहते. तुमच्या २००१ च्या गाडीत यातलं काय आहे? पोरीला बसवून मुंबईला जाताना मी तरी नवीच काढेन. जुनीवर प्रेम करा, पण कसारा घाटात पावसात कंटेनरच्या मागे प्रेम कामाला येत नाही. कडू वाटेल, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

गंगापूररोडकर
@सातपूर_शिफ्ट कडू नाही वाटलं. माझ्या मनातही हेच होतं, लिहायचं टाळत होतो. मुलगी पुढच्या वर्षी पुण्याला जाईल, ने-आण करावी लागेल. त्यासाठी ही गाडी नाही, हे आता मान्य.

सावळघाट
म्हणजे विकणार???

पंचवटीची_पोर
आमच्या बाबांनी त्यांची पालिओ मला न विचारता विकली होती. मी अकरावीत. क्लासहून आले तर पार्किंगमध्ये तेलाचा डाग तेवढा. बाबा आठवडाभर ऑफिसला बसने गेले, नवी गाडी दारात असून. मुलीला विचारा काका. तिचंही काही असेल त्या गाडीत.

गंगापूररोडकर
विचारलं. ती म्हणाली, "मला गिअरची गाडी शिकव, पण त्याच गाडीवर. आणि शिकल्यावर विकायची नाही."

आज सकाळी मिस्त्रीच्या मुलाने सांगितलं तसं सगळं केलं. डिकीतलं कार्पेट काढलं, स्टेपनीची खोली कोरडी. दोन्ही टॉवर साफ. डाव्या सिलला मागच्या चाकापाशी एक फुगा होता, जीव मुठीत धरून स्क्रूड्रायव्हर टेकवला. वरचा रंग उडाला, आत पत्रा टणक. दारांची भोकं मात्र मातीने गच्च भरलेली, तारेने मोकळी केली तर गढूळ पाणी बाहेर आलं.

तेव्हा ठरतंय असं: पासिंग करायचं, बेल्ट, वॉटर पंप, लोअर आर्म आणि पेट्रोलचे होज आत्ता. एसी पुढच्या उन्हाळ्याआधी. रोजच्याला आणि दादांना एक छोटी, उंच सीटची ऑटोमॅटिक, तीही वर्षभर वापरलेली बघतोय, म्हणजे दोन्हीकडे पैसा पुरेल. सिटीवरची रोजची धावपळ काढून घ्यायची. तिला शहरातले खड्डे झेपत नाहीत, रस्ता झेपतो. बागाईतदारांचं ऐकून उभी मात्र ठेवणार नाही, दर रविवारी बाहेर काढायची.

राहिला पार्किंगचा प्रश्न. सोसायटीत एकाला एकच जागा. सेक्रेटरी ऐकायला तयार नाहीत.

सावळघाट
वा! रविवारी पेठ रोड. मी माझी मोठी गाडी घेऊन मागे येतो.

मखमलाबादी
मिसळ माझ्याकडून. आणि पार्किंगचं म्हणाल तर आमच्या वाड्याच्या मागे पत्र्याची शेड रिकामी आहे. उंदीर आहेत पण मांजरही आहे.

मिस्त्रीचा_मुलगा
वर्षभर वापरलेली ऑटोमॅटिक घ्याल तेव्हा आधी आणून दाखवा, पैसे नको. आणि सिटीचं बेल्टचं काम करताना टेन्शनर आणि ऑइल सीलही बदला, तेवढ्यासाठी परत उघडायला लावू नका. लोअर आर्म मुंबईहून मागवतो, आठवडा लागेल.

कॅम्पातला
मुंबईहून मागवताय तर माझ्या बलेनोचा डावा मागचा दिवा मिळतो का बघाल? फुटलाय, चिकटपट्टी लावून फिरतोय.

मिस्त्रीचा_मुलगा
@कॅम्पातला फोटो टाका. सेदान ना?

कॅम्पातला
हो सेदान. संध्याकाळी टाकतो, गाडी बायको घेऊन गेलीय.