हत्ती, गोरिला आणि माझ्या बधिर टाचा

तळटीप

काल 'हिरवाकंच' यांनी लिहिलं होतं: "हत्ती, घोडा, गोरिला मांस खातात का? ताकद बघा त्यांची. शाकाहारात सगळं मिळतं. गोळ्या आणि पावडरी हा निव्वळ कंपन्यांचा धंदा." खाली चाळीसेक अंगठे. तिथेच दोन ओळी खरडणार होते, पण लिहिता लिहिता राग वाढला, म्हणून वेगळा धागा.

आधीच सांगते, मी जन्मापासून शाकाहारी आहे आणि मरेपर्यंत राहणार. त्यामुळे मला मांसवाल्यांची एजंट ठरवायचे कष्ट घेऊ नका.

आता गोरिला. तो दिवसातला कितीतरी वेळ पाला चघळत बसतो आणि त्याच्या भल्यामोठ्या आतड्यातले जिवाणू तो पाला आंबवून त्याला ऊर्जा पुरवतात. बी-१२ जीवनसत्त्व तर कुठलाच प्राणी किंवा वनस्पती बनवत नाही, ते जिवाणूच बनवतात. गाईच्या पोटात ते जिवाणू आतड्याच्या अलीकडे बसलेले असतात, म्हणून तिला मिळतं. आपल्याकडेही आहेत, पण मोठ्या आतड्यात, आणि बी-१२ शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटी. गाडी स्टेशन सोडून गेल्यावर तिकीट हातात पडावं तसं. सशाचीही हीच अडचण आहे. तो काय करतो? स्वतःची एक प्रकारची लेंडी परत खातो. निसर्गाचाच दाखला द्यायचा तर तयारी आहे का?

माझ्या त्रेचाळिसाव्या वर्षी टाचा बधिर व्हायला लागल्या. आधी वाटलं, चपला चावतात. मग एका रात्री जिना उतरताना दिवे गेले आणि मी भिंत धरून तिथेच उभी राहिले. पाय कुठे पडतोय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळेचना. डॉक्टरांनी धातूचा दुपाखी चिमटा वाजवून माझ्या घोट्याच्या हाडावर टेकवला. "थरथर जाणवतेय?" मी म्हटलं, "सुरू करा, मग सांगते." तो सुरूच होता. बी-१२ कमी पडून पायाच्या नसांना इजा झाली होती.

यकृतात बी-१२चा साठा काही वर्षं पुरतो. म्हणूनच "मला कुठे काय झालं?" म्हणणाऱ्यांचा आवाज इतका मोठा असतो. मला दूध आवडत नाही, अंडी मी खात नाही, आणि "सगळं मिळतं" या वाक्यावर मी वीस वर्षं काढली. इंजेक्शनांनी टाचा बऱ्याच परत आल्या. डाव्या पायाची दोन बोटं अजून दुसऱ्या कुणाची तरी वाटतात.

हिरवाकंच

ताई, तुमच्या पायाचं वाईट वाटलं, पण एका पायावरून अख्ख्या आहाराला नावं ठेवू नका. माझे आजोबा एक्क्याण्णव वर्षं जगले. ना गोळी, ना इंजेक्शन. शेवटपर्यंत स्वतःची बादली स्वतः उचलायचे.

रोखठोक

आजोबा आलेच! कुठल्याही आहाराच्या चर्चेत तिसऱ्या प्रतिसादापर्यंत कुणाचे तरी आजोबा येतात. इथे तर पहिल्यातच आले. आजोबा दूध किती प्यायचे तेही सांगा.

हिरवाकंच

रोज लिटरभर. त्याचं काय?

रोखठोक

काही नाही. दुधात बी-१२ असतं एवढंच. आजोबांची गोळी पातेल्यात होती.

बाकी धाग्यावर माझं मत सोपं आहे. इतका हिशोब, इतक्या तपासण्या आणि वर गोळ्या कराव्या लागतात तो आहार परिपूर्ण कसा? दोन अंडी आणि मासळीचा तुकडा खा आणि मोकळे व्हा.

शंभर_दंड

धागालेखिकेशी बी-१२वर सहमत, पण धाग्याचा सूर डोक्यात गेला. असे धागे वाचून घरचे लोक आमच्या मागे लागतात. नऊ वर्षं शाकाहारी आहे. वजन ७४ किलो, डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) १६५ किलो. जिममध्ये प्रत्येक नवा मुलगा आधी वजनं बघतो, मग मी काय खातो ते विचारतो आणि मग म्हणतो, "खोटं बोलतोस." पॅट्रिक बाबूमियन २०११ मध्ये जर्मनीचा सर्वांत ताकदवान माणूस ठरला तेव्हा मांस सोडून वर्षं झाली होती. २०१३ मध्ये टोरांटोला साडेपाचशे किलोंहून जास्त वजन खांद्यावर घेऊन तो दहा मीटर चालला, तेव्हा तर दूधही खात-पीत नव्हता. बिल पर्ल १९७१ मध्ये मिस्टर युनिव्हर्स झाला तोही मांस न खाता. मरे रोझनं १९५६च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याची तीन सुवर्णपदकं घेतली. अजून हवीत?

रोखठोक

नकोत. तू सकाळपासून काय काय खातोस ते लिही. खरं लिही.

शंभर_दंड

लिहितो. किलोमागे १.६ ग्रॅम प्रोटीन धरलं तर मला ११८ लागतं. अर्धा लिटर दुधाचे १६. वाळलेले सोया चंक्स ५० ग्रॅम, त्याचे २५. दही, हरभरे, डाळ, गहू मिळून ४५-५०. वर एक स्कूप व्हे, त्याचे २४. शिवाय क्रिएटिन (स्नायूंना झटपट ऊर्जा देणारा पदार्थ) रोज ५ ग्रॅम, कारण ते मुख्यतः मांसमच्छीत असतं आणि न खाणाऱ्यांच्या स्नायूंत कमी भरतं.

रोखठोक

म्हणजे ताकद डब्यातून येते तर. धन्यवाद, माझं म्हणणं संपलं.

शंभर_दंड

व्हे म्हणजे चीज करताना उरलेलं पाणी गाळून वाळवलेलं. दूधच आहे ते. आणि माझ्याशेजारी उचलणारे कोंबडीवाले पण तोच डबा खातात, त्यांना का नाही विचारत? तुम्ही स्वतः किती उचलता? नाही, सहजच विचारलं.

रोखठोक

मी स्वतःला उचलतो. ९२ किलो, रोज, तीन मजले.

तळटीप

शंभर_दंड, तुमचा सूर कळला, पण तुम्ही नेमकं माझंच म्हणणं सिद्ध केलंत. तुम्ही मोजता. "सगळं मिळतं" म्हणणारे मोजत नाहीत. मीही मोजत नव्हते. आजारपणानंतर वजनकाटा आणला. पातेल्यात ११० ग्रॅम कोरडी डाळ टाकली होती, शिजल्यावर पाण्यासकट ९०० ग्रॅम भरली. माझी वाटी १८० ग्रॅमची. म्हणजे वाटीत खरी डाळ २२ ग्रॅम आणि प्रोटीन जेमतेम पाच. पुडक्यावर "१०० ग्रॅममध्ये २४" वाचून मी वर्षानुवर्षं खूश होते, ते कोरड्या डाळीचं असतं हे लक्षातच आलं नव्हतं. माझं वजन ५८, किलोमागे ०.८ या किमान हिशोबानंही ४६ ग्रॅम हवेत. अशा पाणचट डाळीच्या नऊ वाट्या होतात. त्या दिवसापासून डाळ घट्ट करते.

हिरवाकंच

डाळीत कमी असेल, पण पालक आहे, शेंगदाणे आहेत. पालकातलं लोह कुठल्या मांसात आहे दाखवा.

खडू

पालक! अहो, ती दशांश चिन्हाची चूक आहे. १८७० च्या सुमारास एका जर्मन शास्त्रज्ञानं ३.५ ऐवजी ३५ लिहिलं आणि जगानं दहापट लोह धरून पालक खाल्ला. कार्टूनमधला तो खलाशी पॉपायसुद्धा त्याच चुकीवर दंड फुगवतो. मी अठरा वर्षं दशांश अपूर्णांकाचा पहिला तास याच गोष्टीनं सुरू करतो.

पडताळा

अठरा वर्षं चुकीचं शिकवताय. दशांशाची गोष्ट हीच मुळात भाकडकथा आहे. ती गाजली डिसेंबर १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखामुळे, ज्यात संदर्भच नव्हता. २०१० मध्ये माइक सटन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकानं मूळ शोधायचा प्रयत्न केला, तर अशा चुकीचा पुरावाच सापडला नाही. आणि तो खलाशी १९३२च्या चित्रपट्टीत पालक 'अ' जीवनसत्त्वासाठी खातो असं स्वतः सांगतो. लोहाचा संबंध नाही.

खडू

तुम्हाला सापडलं नाही म्हणजे नव्हतंच असं कसं?

पडताळा

पुरावा गोष्ट सांगणाऱ्यानं द्यायचा असतो, गुरुजी.

खडू

गुरुजी म्हणून टोमणे मारू नका. मुलांना दशांश चिन्हाचं महत्त्व पटतं की नाही? एका चिन्हानं काय अनर्थ होतो ते कळतं की नाही?

पडताळा

पटतं. खोट्या गोष्टीनं पटतं. अचूकतेचा धडा चुकीच्या माहितीवर.

शंभर_दंड

मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (मीठ न घातलेले, फायबर चांगलं असतं.)

खडू

तुमच्यासारख्या लोकांमुळेच शिक्षक गोष्टी सांगायचे बंद झालेत. प्रत्येक वाक्याला तळटीप द्यायची का आता? (धागालेखिका, हे तुम्हाला नाही.) वर्गात चाळीस मुलं असतात, त्यातली दहा झोपलेली असतात. त्यांना जागं करायला पालक लागतो.

पडताळा

मग हीच गोष्ट सांगा की! एक अफवा शास्त्रीय जर्नलात शिरली आणि चुकीवर हसणारेच चुकीचं छापत राहिले. झोपलेली दहाही उठतील.

खडू

बघू. माझा अठरा वर्षांचा तास मोडलात, एवढं समाधान मिळालं असेल तर थांबा आता.

तळटीप

पालकाचा वेगळा धागा काढा हो कुणीतरी. आकडा २.७ मिलिग्रॅम, शंभर ग्रॅम कच्च्या पानांत. वाईट नाही. पण वनस्पतीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, पालकातलं तर आणखी कमी. कॅल्शियमचंही तेच, त्याला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे जेमतेम पाच टक्के अंगी लागतं, दुधातलं तीसच्या आसपास.

मधलीसुट्टी

इतके दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदा लिहिते. माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन ९ वर आलं होतं. ती धावते. सगळे म्हणाले, मांस खायला घाला. ती तयार नव्हती आणि तिच्याशी भांडायचं बळ माझ्यात नव्हतं. आहारतज्ज्ञ बाईंनी आधी एकच प्रश्न विचारला, "चहा कधी पिते?" जेवणाबरोबर. रोज. तो दीड तास पुढे ढकलला, जेवणात लिंबू आलं, कडधान्यं भिजवून मोड आणून खायला लागली आणि तीन महिने लोहाच्या गोळ्या. १२.४ झालं. मांस नाही लागलं. पण नुसतं पालकावरही भागलं नाही, आणि गोळ्या तर लागल्याच. दोन्ही बाजूंना सांगते.

रोखठोक

चहावर आलात तर मी धागा सोडतो.

पण एक सांगून जातो. ऑक्सफर्डच्या पंचावन्न हजार लोकांच्या अभ्यासात, २०२० मध्ये आलेल्या, दूधही न घेणाऱ्यांची हाडं मोडण्याचं प्रमाण मांस खाणाऱ्यांपेक्षा ४३ टक्के जास्त निघालं. खुब्याचं तर दुपटीहून अधिक. हे कुठल्या आजोबांना विचारायचं?

पडताळा

त्याच अभ्यासाचा २०१९चा निष्कर्ष का गाळलात? शाकाहारींना हृदयविकार २२ टक्के कमी. आणि तुम्ही खूश व्हावं म्हणून सांगतो, पक्षाघात २० टक्के जास्त. हाडांमागे कमी वजन, कमी कॅल्शियम आणि कमी प्रोटीन हा बराच भाग असावा. मात्र हे सगळे हिशोब मांडूनही फरक पूर्ण पुसला गेला नाही, हेही कबूल.

शंभर_दंड

वजन उचला, हाडं घट्ट होतात. कुणी ऐकत नाही.

आणि ते "डाळ-भात एकाच ताटात हवं नाहीतर प्रोटीन अपूर्ण" हेही बंद करा. प्रोटीनच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी, हे खरं. पण दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं. १९७१च्या ज्या पुस्तकानं ही एकत्र खाण्याची टूम काढली, त्याच्या लेखिकेनंच दहा वर्षांनी माघार घेतली.

खडू

याचा तरी पुरावा आहे ना? विचारून घेतो, नंतर माझ्या वर्गात येऊन मोडाल.

पडताळा

आहे. १९८१ची आवृत्ती. बरोबर बोलतोय तो.

खडू

१९८१ हे वर्षच वाईट दिसतंय.

हिरवाकंच

सगळ्यांचं वाचलं. कंपन्यांचा धंदा आहे या माझ्या मतावर मी ठाम आहे. स्पिरुलिना नावाच्या शेवाळाच्या गोळ्या खाऊन बी-१२ मिळतं असं सांगणारे तर मला रोज भेटतात.

तळटीप

त्यांच्यावर तुमच्याइतकीच मी चिडते. स्पिरुलिनात आहे ते बहुतांश बी-१२चं तोतया रूप, माणसाच्या कामाचं नाही. बघा, एका मुद्द्यावर जमलं आपलं. पण खऱ्या गोळीतलं बी-१२ जिवाणूंकडूनच आंबवून घेतात. गोरिलापेक्षा फार वेगळा उद्योग नाही तो. तुम्ही दूध किती घेता?

हिरवाकंच

दूध सोडलं सहा वर्षांपूर्वी. पचत नाही. अंड्याचा प्रश्नच नाही.

तळटीप

आणि गोळी?

हिरवाकंच

लिहिलंय ना वर.

शंभर_दंड

काका, उद्या जाऊन रक्त देऊन या. भांडण नंतर करू, जागा राखून ठेवतो.

हिरवाकंच

जाईन. तुम्ही म्हणताय म्हणून नाही, तुमची तोंडं बंद व्हावीत म्हणून.

*(पाच दिवसांनी)*

हिरवाकंच

रिपोर्ट आला. बी-१२ आहे १६२. शून्य नाही, शंभरही नाही, एकशे बासष्ट! गोळी नाही, दूध नाही, सहा वर्षं. आता बोला.

तळटीप

एकक कोणतं लिहिलंय? पिकोग्रॅम की पिकोमोल? पिकोग्रॅम असेल तर दोनशेच्या खाली आहात, म्हणजे कमी. पिकोमोल असेल तर काठावर.

खडू

आणि दशांश चिन्ह आहे का तेही बघा.

हिरवाकंच

बारीक छापलंय. थांबा, चष्मा आणतो.