ऑल टाइम बेस्ट कॅचर: जोश गिब्सनला कितवा नंबर द्याल?

न्यूजर्सीकर:
पोरगा लिटल लीगला जायला लागल्यापासून मीपण बेसबॉल बघायला लागलो, कॅचर म्हंजे आपला विकेटकीपर असं धरून सुरुवात केली आणि आता नजर त्याच्यावरच असते. माझी यादी: जॉनी बेंच, योगी बेरा, रॉय कॅम्पानेला. पण २०२४ मध्ये मेजर लीगने (अमेरिकेची सगळ्यात वरची लीग) निग्रो लीगचे, म्हंजे काळ्या खेळाडूंच्या वेगळ्या लीगचे, १९२० ते १९४८ चे आकडे रेकॉर्डमध्ये धरले आणि तिथला कॅचर गिब्सन .३७२ बॅटिंग ॲव्हरेजने (हजारात ३७२ वेळा हिट) थेट आधीच्या रेकॉर्डवाल्या टाय कॉबच्या वर गेला. ज्याला काळा म्हणून मेजर लीगमध्ये एक मॅच खेळू दिली नाही त्याला कुठे बसवायचं?

डावखुरा७:
बेंचच पहिला. सलग १० गोल्ड ग्लव्ह (बेस्ट फील्डिंगचं बक्षीस), दोनदा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), ३८९ होम रन. उजवा हात पाठीमागे लपवून एका हाताने बॉल घ्यायची पद्धत त्याच्यामुळेच रुळली, आज तुमचा पोरगापण तसाच बसत असेल. गिब्सनच्या बॅटबद्दल वाद नाही, पण कॅचर आधी ग्लव्हवर मोजायचा, आणि लीगच्या मॅचेस एवढ्या कमी की ॲव्हरेज फुगतंच.

जुना_डगआउट:
कमी का, तेपण बघा ना. लीगकडे पैसा नव्हता, पोट भरायला बसने गावोगाव जाऊन बाहेरच्या टीमशी खेळायचे, ते या आकड्यांत धरलेलंच नाही. आणि तिथला खेळ कच्चा होता का, याचं उत्तर कॅम्पानेला आहे. १९३७ ला १५ वर्षांचं पोरगं निग्रो लीगच्या वॉशिंग्टन एलिट जायंट्समध्ये आलं, तिथल्या मुरलेल्या कॅचरने, बिझ मॅकीने, त्याला कॅचिंग शिकवलं, पाय कसे टाकायचे, थ्रो कसा सोडायचा सगळं, तोच १९४८ ला मेजर लीगच्या डॉजर्सकडे गेला आणि १९५१, ५३, ५५ असे तीन एमव्हीपी घेतले. बेस चोरायला (बॉल मारला नसतानाच पुढच्या बेसकडे पळायला) निघालेले निम्म्याहून जास्त रनर त्याने आउट केलेत. ही विद्या निग्रो लीगची आहे. माझ्यासाठी गिब्सन एक, कॅम्पानेला दोन, मग बेंच.

सोलापूरी_बेस:
फ्लीटवूड वॉकरपण कॅचरच होता, १८८४ ला टोलेडोकडून मेजर लीग खेळला. त्याच्यानंतर काळ्या खेळाडूंना दार बंद ते थेट १९४७ पर्यंत.

न्यूजर्सीकर:
तारखा बघून गलबलून आलं हो. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला गेला, वय फक्त ३५, आणि ते दार उघडणारा जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिलला मेजर लीगमध्ये उतरला. तीन महिनेपण नाहीत मधे. मी गिब्सनला पहिला केला, बेंच दुसरा, कॅम्पानेला तिसरा, बेरा चौथा. मॅकीला पहिल्या दहात घ्यायचं तर कोणाला काढू?