उन्हात लांब पळताना कॅफिन घ्यावं का? मदत हवी आहे

रविवारी रंकाळ्यावरून पन्हाळ्याकडे पळतो. नाइट शिफ्ट असल्यानं आठच्या आत निघणं जमत नाही, तेव्हा ‘पहाटे पळा’ सोडून सांगा. उन्हाळा लागला की वाघबीळच्या चढाला पाय शिशाचे होतात, बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. लिटरभर पाण्यात ओआरएसची पुडी घेतो. पेटके कमी झालेत, वेग मात्र पडतोच. ताक पोटात डचमळतं (कोल्हापुरात हे बोलायची चोरी!).

वजन ६५ किलो, बीपी-शुगर नाही, औषध चालू नाही. जिमवाले कॅफिनच्या गोळ्या घे म्हणतात. किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम हा हिशेब ठाऊक आहे, म्हणजे साधारण २०० पासून पुढे. पण कडक उन्हात प्रत्यक्ष कुणी घेतलंय का? वेग टिकला, की अंगच जास्त तापलं?