स्वतः वेबपान बनवताना मराठी अक्षरे बिघडतात

प्रश्न (सांगली): मार्केट यार्डात आमची हळदीची अडत आहे. रोजचे भाव दाखवणारे पान मी स्वतः शिकून बनवत आहे, परंतु मराठी अक्षरांऐवजी विचित्र चिन्हे दिसतात. काय चुकते?

उत्तर (मिरज): फाइल यूटीएफ-८ (मराठीसह सर्व लिपींची अक्षरे साठवण्याची पद्धत) मध्ये जतन करा आणि हेडमध्ये, म्हणजे पानाच्या कोडच्या सुरुवातीच्या भागात, मेटा टॅगने (ब्राउझरला पानाची माहिती देणारी खूण) तसा कॅरसेट, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, लिहा, तो टॅग फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत असावा लागतो, म्हणून शीर्षकाच्याही आधी ठेवावा.

उत्तर (तासगाव): भावांसाठी टेबल टॅगच (तक्ता बनवणारी खूण) योग्य. शिकण्यासाठी सांगतो, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचे १९९१ चे पहिले संकेतस्थळ आजही उघडते. त्याचा सोर्स (पानामागचा कोड) एका बैठकीत समजण्याइतका साधा आहे. मी असाच एकेक ओळ खोडून, काय बिघडते ते पाहत शिकलो.

प्रश्नकर्ता: जमले! ‘राजापुरी’ (हळदीची एक जात) हा शब्द पडद्यावर नीट उमटला, तेव्हा वडील चष्मा लावून जवळ आले.