१९७१ची एमजीबी बघून आलोय, मेकॅनिकली अपग्रेड केलेली, घ्यावी का?

फोंड्याचा_वाटसरू
मंडळी, सल्ला हवाय. म्हापशाजवळ एक एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश, दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार) विकायला आहे, १९७१ची, क्रोम बंपरवाली, राइट हँड, पासिंग गोव्याचंच. काल बघून आलो आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. मालकाने इंजिन बोअर करून नवे पिस्टन टाकलेत, मूळचा चार गिअरचा बॉक्स काढून फोर्ड सिएराचा पाच गिअरवाला टाइप नाइन बसवलाय, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, इलेक्ट्रिक फॅन, मागे नव्या पद्धतीचे टेलिस्कोपिक शॉक अ‍ॅब्सॉर्बर. काढलेले जुने पार्ट सगळे एका खोक्यात जपून ठेवलेत. मी चालवून बघितली, पाचवा टाकला की इंजिन एकदम शांत होतं आणि मग नुसता वारा आणि सायलेन्सरचा तो घुमणारा आवाज, काय सांगू. लहानपणी पणजीला चर्चच्या खाली अशीच एक हिरवी उभी असायची, बाबांचा हात सोडून मी तिच्याकडे पळायचो. मालक एवढं काम केलं म्हणून जास्त मागतोय, मित्र म्हणतो ओरिजिनल राहिली नाही तर कमी द्यायला हवे. मला ती रविवारी चोर्ला घाटात न्यायचीय, शोला उभी नाही करायची. काय करू?

गॅरेज_डिचोली
बाब, केलेलं काम चांगलंच आहे, घाटात चालवणाऱ्याला उपयोगी पडेल असंच. पण तू इंजिन बघितलंस, गिअर बघितलास, पत्रा बघितलास का? एमजीबीला वेगळी चासी नाही, सगळं वजन बॉडीवर, आणि रोडस्टरला वर छप्परही नाही म्हणजे दाराखालचे सिल हेच तिचा कणा. बाहेरचा पत्रा, मधला, आतला, आणि खाली कॅसल रेल नावाची पट्टी, असे थर असतात. आपल्याकडचं खारं वारं आणि चार महिने पाऊस, पाणी आत शिरतं आणि पत्रा आतून खातं, बाहेरून रंग एकदम चकचकीत. रंगाऱ्याने लांबी (पुट्टी) भरून घासली तर डोळ्याला काही कळत नाही. लोहचुंबक पातळ कपड्यात गुंडाळ आणि सिलच्या खालच्या कडेने फिरव, जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मग सिलच्या जॅक पॉइंटला जॅक लावून गाडी उचल आणि दाराच्या फटीकडे बघ. फट बदलली किंवा दार नीट लागेना झालं तर गाडी मधून लवतेय. सीटमागचं झाकण काढून बॅटऱ्यांच्या जागा पण बघ, त्या वर्षीच्या गाड्यांना ६ व्होल्टच्या दोन असतात, खालचा पत्रा तिथेच सडतो. गिअरबॉक्स दोन दिवसांत बदलता येतो रे, सिल धड बदलायचे तर बॉडीला आधार देऊन, दारं जागेवर ठेवून वेल्डिंग करावं लागतं, ते सगळ्यांना जमत नाही.

कागदवाला_मडगाव
मी आधी कागद बघेन. आरसीवरचा चासी नंबर बॉनेटखालच्या पाटीशी जुळतो का, इंजिन नंबर तोच आहे का. आणि ५० वर्षं झाली म्हणून लगेच व्हिंटेज रजिस्ट्रेशनच्या मागे लागू नको. २०२१च्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि ती नंबरप्लेट मिळाली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. तुला तर दर रविवारी घाट हवाय. साधी आरसी चालू असेल तर तीच सांभाळ, दर ५ वर्षांनी रिन्यू होते, मुदत कधी संपते ते व्यवहाराआधी बघ.

जुनी_गाडी_जुना_मित्र
मला मूळचा बॉक्स आणि ओव्हरड्राइव्हच (बटणाने लागणारा जादा उंच गिअर) आवडतो, तिसऱ्या-चौथ्यात बटण दाबलं की जे होतं त्याची मजा वेगळी. पण जुने पार्ट खोक्यात असतील तर ओरिजिनलचा वाद सोडून दे, कधीही परत बसवता येतील, ते खोकं मात्र व्यवहारात लिहून घे. पुढचे जुन्या पद्धतीचे लिव्हर आर्म शॉक बदलू नको, तेच वरच्या विशबोनचं, म्हणजे चाक धरणाऱ्या वरच्या दांड्याचं काम करतात. अजून दोन गोष्टी विचार. हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट टाकलेत का, कारण ही इंजिनं शिसंवाल्या पेट्रोलच्या काळातली, शिसं नसलं की मूळच्या सीट झिजतात, आणि आपल्याकडे ते पेट्रोल २०००मध्येच बंद झालं. आणि पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे आहेत का. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिळतं, जुना रबर फुगून चिरतो, आणि पेट्रोल गरम एक्झॉस्टवर ठिबकलं तर गाडी जळते. यात काटकसर नको.

फोंड्याचा_वाटसरू
आज परत जाऊन आलो, चुंबक घेऊन. उजवी बाजू व्यवस्थित, टक्कन चिकटला. डावीकडे मागच्या चाकाच्या पुढे वीतभर जागेत चुंबक घसरून खाली पडला, मालक पण बघतच राहिला, त्याने ती अशीच रंगवलेली घेतली होती. जॅकवर घेतल्यावर डावं दार उघडलं ते परत लागेचना, खाली घेतल्यावर लागलं. पाइप नवे आहेत, हेडचं बिल त्याने दाखवलं, आरसी २०२८पर्यंत. माणूस सरळ आहे, स्वतःच म्हणाला डाव्या सिलचा खर्च किमतीतून वजा करू. डिचोलीकर, तुम्ही एकदा येऊन बघाल का? उजवा तसाच ठेवायचा की दोन्ही एकदम करायचे ते तुम्ही सांगाल तसं, मग टोकन देतो.

गॅरेज_डिचोली
रविवारी सकाळी येतो. मालकाला सांग मॅट सगळी काढून ठेव, मला आतला पत्रा बघायचाय. तोवर टोकन देऊ नको.