सीमेपलीकडचं घर चष्म्यातून दाखवून मनं जुळतात का?

कल्याणकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'प्रोजेक्ट दास्तान'सारखे प्रयोग वाढवा, भारत-पाकिस्तानातला द्वेष आपोआप ओसरेल. वाचून डोकं तापलं. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये हे सुरू केलं. फाळणीत घर सुटलेल्या म्हाताऱ्यांना व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवरचा चष्मा लावून त्यांची जुनी गल्ली दाखवतात. त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, बघणारेही गहिवरतात. व्हिसा मात्र कोणी देत नाही. जॉर्डनच्या झातारी छावणीतल्या सीरियन मुलीवरची अशीच फिल्म २०१५ ला दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत दाखवली होती. पुढच्याच वर्षी युरोपने तुर्कस्तानशी करार करून निर्वासितांची वाट अडवली!

मीनल: माझ्या सासूबाई सिंधमधल्या शिकारपूरच्या. गुडघे गेलेत, उद्या व्हिसा मिळाला तरी कोण नेणार? नातवाने चष्म्यात तिथला ढक बाजार लावून दिला, तर मान वळवून वळवून वडिलांचं दुकान शोधत होत्या. नंतर कितीतरी वेळ शेजारच्या मुसलमान कुटुंबाबद्दल बोलल्या. त्याआधी तो विषय घरात कधी निघाला नव्हता.

कॅम्पचार: लाहोर-कराची लांब राहिलं. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत, म्हणजे आजच्या उल्हासनगरात, आणून टाकलेल्या सिंध्यांबद्दल दोन स्टेशनं पलीकडच्यांना काय वाटतं ते बोला. शाळेत मला 'डुप्लिकेट' म्हणायचे, कारण काय, तर उल्हासनगरचा माल! त्यासाठी कुठला हेडसेट लागतो?

कल्याणकर: आणि ज्यांच्या जमिनी गेल्या ते? कल्याणजवळच्या नेवाळीच्या शेतकऱ्यांची जमीन इंग्रजांनी महायुद्धात धावपट्टीसाठी घेतली. ती परत मागायला २०१७ ला आंदोलन पेटलं, तेव्हा या चष्म्यावर रडणाऱ्यांतला एक तरी गहिवरला का?

कॅम्पचार: ती जमीन माझ्या आजोबांनी घेतली का? सरकारचा राग आमच्यावर काढू नका.

ओंकार_ज: अहो, मूळ विषय! स्टॅनफर्डचा २०१८ चा अभ्यास आहे. बेघर होण्याचा अनुभव व्हीआरमध्ये घेतलेल्यांनी स्वस्त घरांच्या मागणीवर जास्त सह्या केल्या, नुसतं वाचून कल्पना करणाऱ्यांपेक्षा.

कल्याणकर: सही करायला काय जातं? घराशेजारी बेघरांचा निवारा होऊ देतील का, ते विचारा.

मीनल: व्हिसाचं तुमचं म्हणणं खरंय, तेवढं मान्य. पण तो मिळेपर्यंत सासूबाईंनी थांबायचं? वय काय त्यांचं!

कल्याणकर: त्यांनी जरूर पाहावं, त्यांचंच घर आहे ते. माझं भांडण बघून रडणाऱ्यांशी आहे. आणि नेवाळीबद्दल अजून कोणीच सरळ उत्तर दिलेलं नाही.