मदत हवी आहे: गुडघ्यातली गादी फाटली, बुधवारी ऑपरेशन. करू की नको?

आगरवाला: जरा लवकर सांगा, बुधवारची तारीख दिली आहे. एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसते. डॉक्टर म्हणतात दुर्बिणीतून करू, दोन भोकं, दुसऱ्या दिवशी घरी. मेव्हणा म्हणतो फिजिओने भागेल. कोणाला अनुभव?

चिपळूणचा फिजिओ: गुडघा कोणाचा? वय? पडलात, मुरगळला, की आपोआप?

आगरवाला: माझाच हो. वय 54. पडलो वगैरे नाही. दिवाळीपासून पाखाडी, म्हणजे आमची पायऱ्यांची वाट, उतरताना आतल्या बाजूला सणक येते.

खाडीपलीकडचा: बिनधास्त करून टाका. मी 2019 मध्ये केलं, तिसऱ्या दिवशी फिरत होतो. फिजिओवाले नुसते खेपा घालायला लावतात.

चिपळूणचा फिजिओ: तेव्हा तुम्ही किती वर्षांचे, आणि गादी कशी फाटली?

खाडीपलीकडचा: 29. कबड्डीत पाय पिळला. त्याचं काय?

चिपळूणचा फिजिओ: तेच तर. तुमची पीळ बसून फाटली. पन्नाशीत ती जुन्या गोधडीसारखी विरते. पन्नाशीपुढच्या कित्येकांच्या एमआरआयमध्ये फाटलेली गादी दिसते आणि त्यांना काही दुखतही नसतं. फिनलंडमध्ये अशाच 146 जणांवर प्रयोग झाला, 2013 मध्ये छापून आला. दुर्बीण सगळ्यांच्या गुडघ्यात घातली, पण निम्म्यांच्या गादीला हातच लावला नाही, नुसतं नाटक. वर्षाने दोन्ही गटांना आराम सारखाच.

मालवणी बाय: आमच्या आवशीच्या गुडघ्याक निगडीचो पालो तापवन बांधलंव, चार दिसांत ती बाजाराक चलत गेली.

खाडीपलीकडचा: अर्धंच सांगताय. त्याच वर्षी अमेरिकेत 351 जणांवर झालं, ऑपरेशन की फिजिओ असं, त्यात फिजिओ घेणाऱ्यांपैकी 30 टक्के सहा महिन्यांत ऑपरेशनला गेलेच ना?

चिपळूणचा फिजिओ: गेले. म्हणजे 70 टक्के गेले नाहीत. आणि जे उशिरा गेले तेही वर्षाअखेर बाकीच्यांच्या बरोबरीने होते, थांबल्यामुळे त्यांचं काही बिघडलं नाही. आगरवाले, मुख्य प्रश्न राहिला: गुडघा अडकतो का?

दापोलीकर: वाटी बदलायला हल्ली किती येतात? आईची करायची आहे. फुले योजनेत बसतं का?

आगरवाला: वाटीचा विषय नाही इथे. हो, अडकतो.

खाडीपलीकडचा: बघा! अडकतो म्हणजे ऑपरेशन. संपला विषय.

चिपळूणचा फिजिओ: थांबा हो. पाय सरळ होतच नाही, की दुखतं म्हणून तुम्ही करत नाही?

आगरवाला: दुखतं म्हणून. रात्री खाटेवर पडलो की होतो सरळ.

चिपळूणचा फिजिओ: मग हा अडकलेला गुडघा नव्हे. कितीही प्रयत्न केला तरी सरळ होत नसता, तर मीच म्हणालो असतो तातडीने दाखवा. तुमच्या डॉक्टरांना विचारा, तीन महिने थांबलो तर काय नुकसान? आज रात्रीपासून करा: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबायची, मांडी कडक, पाच मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पाखाडी उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी. उकिडवं बसणं बंद. आठवड्यातून एकदा जवळच्या फिजिओकडे, म्हणजे चुकीचं काही होत नाही ना कळेल.

आगरवाला: बारा आठवडे म्हणजे मे उजाडला. आंब्याच्या कलमांवर मोहर गळून कणी धरली आहे. आंबे उतरवायचा झेला घेऊन चढणार कोण? गडी मिळत नाही, मिळाला तर मजुरी ऐकून गुडघा नाही, डोकं दुखतं.

खाडीपलीकडचा: ऑपरेशन केलं तरी कलमावर नाहीच चढू देणार. आमच्या डॉक्टरांनी दोन महिने मला शिडीलाही हात लावू दिला नव्हता.

आगरवाला: हे आधी का नाही सांगितलं? वर म्हणता तिसऱ्या दिवशी फिरत होतो.

खाडीपलीकडचा: फिरत होतो. घरात.

दापोलीकर: पहिली पेटी कधी निघणार? भाव काय लावाल?

आगरवाला: बुधवार रद्द करायला फोन लावतोय, उचलत नाहीत. टॉवेल जाड हवा की पातळ?